नातू निघाला क्रीडाप्रशिक्षक व्हायला

पावसाळ्याच्या मध्यावर आमच्या अंबाडीच्या दवाखान्यात एक आजोबा आले. वय बहात्तर. चक्कर येते, अशी तक्रार. रक्तदाब पाहिला, तर १८०/१००. वर्षभर उत्तम ताब्यात असलेला रक्तदाब एकाएकी का वाढावा, म्हणून खोदून विचारले. बराच वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, "डॉक्टर, दोन गोळ्यांतली एक मीच बंद केली. नातू चाललाय इंग्लंडला, खेळाचा कोच व्हायला. तेवढाच त्याच्या फीला हातभार."

वाचकहो, त्या गोळीची बचत महिन्याला फार तर दोन-तीनशे रुपयांची होती. तिच्यापायी पक्षाघात झाला असता, तर नातवाचे शिक्षणच अर्ध्यावर राहिले असते. अशा त्यागाची घराघरांत वाहवा होते. वैद्यकीय दृष्टीने मात्र तो उलटा व्यवहार आहे.

ही विद्या क्षुल्लक नव्हे

"खेळ शिकवायला का कुठे विद्यापीठ लागते?" असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येत असेल. भिवंडी-वाड्याच्या पट्ट्यात कबड्डी अंगणात शिकली जाते. तिला पदवी कोणी विचारत नाही. परंतु मराठी माणसाने व्यायामविद्येसाठी समुद्र ओलांडणे नवे नाही. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तेथे त्याने आपले देशी खेळ सादर केले.

आज इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठ, जर्मनीतील कोलोन येथील क्रीडा विद्यापीठ अशा संस्था या विषयासाठी जगभर ओळखल्या जातात. लाइपझिग विद्यापीठात तर परदेशी प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. या शिक्षणात शरीररचना, स्नायूंचे कार्य, हालचालींचे शास्त्र, आहार, मानसशास्त्र, दुखापतींचा प्रतिबंध आणि लहान खेळाडूंची सुरक्षितता हे सारे येते. म्हणजे निम्मा अभ्यास आम्हा डॉक्टरांच्या शेजारचाच आहे.

पैशाचा हिशेब आधी, स्पष्टपणे

अनेक कुटुंबे गृहीत धरतात की मुलगा तेथे सायंकाळी एखाद्या क्लबात मुलांना खेळ शिकवील आणि कर्ज फेडील. येथेच सावध राहावे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडाप्रशिक्षक म्हणून काम करण्यास मनाई आहे; अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या सरावाची गोष्ट निराळी. पदवीच्या विद्यार्थ्याला इतर नोकरीही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते. नियम बदलत असतात. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी खात्री करून घ्यावी.

खर्चाची यादी करताना घरातील ज्येष्ठांची औषधे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, रक्ताच्या तपासण्या या बाबी सर्वांत वर लिहाव्यात. त्यांतून काटकसर करू नये. औषध महाग वाटत असेल तर ते बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे. बहुतेक वेळा तेच औषध जेनेरिक रूपात, जनऔषधी केंद्रात बऱ्याच कमी किमतीत मिळते.

नातवाच्या बॅगेत

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहण्यासाठी भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचे दोन डोस पूर्ण आहेत ना, हे पाहावे. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या तरुणांना मेंदूज्वराची लस देण्याची तेथे शिफारस आहे. दातांची कामे येथेच उरकून घ्यावीत. दम्याचा पंप किंवा नेहमीची औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत आणि औषधांची मूळ नावे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र सोबत द्यावे.

व्हिसाच्या वेळी भरलेल्या आरोग्य अधिभारामुळे तेथील सरकारी आरोग्यसेवा मिळते. परंतु पोहोचताच जवळच्या डॉक्टरकडे नावनोंदणी करणे ही त्याचीच जबाबदारी असते. आजारी पडेपर्यंत थांबू नकोस, असे त्याला बजावून सांगावे. तेथील हिवाळ्यात ऊन अत्यल्प मिळते; म्हणून शरद ऋतू व हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व 'ड' घेण्याचा सल्ला तेथील आरोग्यखाते सर्वांनाच देते.

पहिले शिष्य आपण व्हा

आता आपल्याविषयी. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि साठीनंतर ही झीज वेगाने होते. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला, तर ती तिची पहिली खूण समजावी. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचवला आहे.

नातू जे शिकणार आहे, ते नेमके हेच. आधी मोजमाप, मग हळूहळू वाढ, मग विश्रांती आणि सारे काही वहीत नोंदवणे. त्याला आपल्यापासून आरंभ करू द्या. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या, न घसरणाऱ्या खुर्चीवर बसावे, हात छातीशी दुमडावेत आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. शेजारी कोणीतरी असावेच. तो आकडा त्याला कळवावा आणि दरमहा पुन्हा मोजावा. चालताना बोलता यावे, गाता मात्र येऊ नये. मध्यम श्रमाची ही सोपी कसोटी आहे. आमच्या नाक्यावर मालमोटारींची वर्दळ फार. तेव्हा फिरणे सकाळी लवकर आणि आतल्या रस्त्याने करावे.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा वारंवार तोल जाणे असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. व्यायाम करताना छातीत दुखले, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तत्काळ थांबावे. छातीतील दुखणे थांबले नाही, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर परदेशी फोन लावण्यापूर्वी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

"सगळे ठीक आहे" म्हणू नका

परदेशी असलेल्या मुलाला काळजी नको, म्हणून आजार लपवण्याची आपली रीत आहे. पुढे कधीतरी त्याला सारे एकदम कळते. त्या धक्क्यात अपराधाची बोचही मिसळलेली असते. चांगला प्रशिक्षक खेळाडूला पहिल्याच दिवशी सांगतो: दुखत असेल ते लपवू नकोस. घरालाही हाच नियम असावा, आणि तो दोन्ही बाजूंनी पाळला जावा. त्याची झोप, जेवण, एकटेपणा आपण विचारावा. आपला रक्तदाब, साखर, पडझड त्याला खरी सांगावी. त्याचबरोबर दवाखान्यात सोबत कोण येईल, औषधे कोण आणील आणि रात्री-अपरात्री कोणाला हाक मारायची, ही तीन नावे तो निघण्यापूर्वीच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावीत.

त्या आजोबांची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली आणि नातवाला बोलावून खरे काय ते सांगायला लावले. तो रडला, थोडा रागावलाही. जाण्यापूर्वी त्याने आजोबांना एक वही आखून दिली. गेल्या महिन्यात ती माझ्यासमोर आली. रक्तदाब १३८/८४. खुर्चीतून उठण्याचा आकडा सातावरून दहावर गेलेला. मधल्या एका पानावर मात्र दोन दिवस कोरे होते. मी विचारण्यापूर्वीच आजोबा म्हणाले, "ते दोन दिवस चाललो नाही. कोचाला सांगितलंय."