अर्धीच आलेली म्हण

८ मे २०२५ च्या संध्याकाळी व्हॅटिकनच्या सज्जातून ‘हाबेमुस पापाम’ अशी घोषणा झाली आणि लिओ चौदावे जगाला कळले. पुढचं सगळं वाचून झालंय; मी अडकलोय त्या दोन शब्दांत. शब्दाला शब्द ठेवला तर ‘आमच्याकडे पोप आहे’. जणू कपाटात ठेवलाय! ‘जवळ असणे’ यासाठी लॅटिनमध्ये वेगळं क्रियापद आहे, मराठीत नाही. म्हणून मराठीत पोप ‘लाभतात’.

तेच क्रियापद ‘हेबियस कॉर्पस’मध्ये. शब्दशः, ‘तुझ्याजवळ देह असावा’. संविधानाच्या मराठी अनुवादकांनी त्याचं ‘देहोपस्थिती’ केलं. शब्द जड, पण नेमका: कोठडीतल्या माणसाला कोर्टापुढे आणा.

‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ या वचनाचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. आपला मुद्दा खोडून काढणारं उदाहरण समोर आलं, की हमखास हे वाक्य येतं. अरे, उदाहरण उलटं गेलं तर नियम सिद्ध कसा होईल? तो मोडला!

मूळ वचन कायद्यातलं आणि लांब आहे: ‘एक्सेप्टिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्टिस’. जे वगळलेलं नाही, त्याला नियम लागू आहे हे वगळण्यावरूनच ठरतं. ‘एक्सेप्टिओ’ म्हणजे विचित्र उदाहरण नव्हे, मुद्दाम दिलेली सूट.

हा युक्तिवाद रोमन वकील सिसेरोचा. इ.स.पू. ५६ मध्ये बाल्बस या स्पेनमधल्या माणसाच्या रोमन नागरिकत्वावर खटला झाला. सिसेरो म्हणाला, काही जमातींशी केलेल्या तहांत ‘यांच्यातल्या कुणाला नागरिक करू नये’ असं कलम आहे; म्हणजे जिथे ते नाही, तिथे नागरिक करता येतं. बाल्बस सुटला. वकिली डोकं काय चालतं ते बघा!

आपल्याला हे कळायला रोमची गरज नाही. दुकानावर ‘दुपारी १ ते ४ बंद’ अशी पाटी असली, की सकाळी दुकान उघडं असणार हे कुणाला सांगावं लागत नाही. इंग्रजीत या वचनाची शेपटी गळली आणि आपण ते तसंच बिनशेपटीचं उचललं. माझ्या मते सरळ मराठी असं व्हावं: ‘सूट आहे, म्हणजे नियम आहे.’

वादात हरता हरता कुणी जुनं वाक्य फेकलंच, तर त्याला उरलेलं अर्धं मागा.