साहेबांना सांगितलं, पोलिसांना नाही

मे १९९८ मधली गोष्ट. अकरा वर्षांचा एक मुलगा रात्री घरी आला तेव्हा त्याचे केस ओले होते. आईने सहज विचारलं, तर तो म्हणाला की कोचबरोबर व्यायाम केला आणि नंतर दोघांनी शॉवरखाली आंघोळ केली. हे कोच म्हणजे गावातलं फार मोठं नाव. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, शिवाय गरजू मुलांसाठी संस्था चालवणारे. आपल्या मुलाकडे त्यांनी लक्ष द्यावं, याचं कुठल्याही आईला अप्रूपच वाटलं असतं. पण या आईच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तिने मुलाच्या समुपदेशकाशी बोलून थेट पोलिसांना फोन केला.

तिने जे करायला हवं ते सगळं केलं. तरीही त्या कोचला बेड्या पडायला २०११ चा नोव्हेंबर उजाडला. मधली तेरा वर्षं कुठे गेली, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सतावतो आहे. मी फुटबॉलची चाहती नाही. मी दोन मुलांची आई आहे आणि मुलांना कुठल्या ना कुठल्या क्लासला सोडून निर्धास्त घरी परतणाऱ्या लाखो पालकांपैकी एक आहे. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

हे घडलं अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात. गावाचं नावच स्टेट कॉलेज, आणि तिथलं विद्यापीठ म्हणजे पेन स्टेट. २०१० च्या जनगणनेत गावची वस्ती होती साधारण ४२ हजार. विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियममध्ये तेव्हा १ लाख ६ हजारांहून जास्त माणसं बसत. यावरून तिथे फुटबॉलचं वजन किती, हे लक्षात यावं. हा फुटबॉल आपला नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं असतं. खेळणारे सगळे कॉलेजचे विद्यार्थी, पण टीव्हीचे करार, तिकिटं, देणग्या यांतून येणारा पैसा कोट्यवधी डॉलरचा. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यांत जास्त पगार राज्यपालाचा नसतो, तो विद्यापीठाच्या कोचचा असतो. कोल्हापूरच्या वाचकांना हे वेड लवकर समजेल. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ भिडतात तेव्हा पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. त्यात पैसा आणि विद्यापीठाची प्रतिष्ठा मिसळली की चित्र पूर्ण होतं.

या गावाचं दैवत होते मुख्य प्रशिक्षक ज्यो पॅटर्नो. १९६६ पासून २०११ पर्यंत एकाच संघाचे मुख्य प्रशिक्षक, ४०९ विजय. त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबाने लाखो डॉलर विद्यापीठाला दिले, तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. खेळाडूंनी अभ्यासही केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचे अनेक वर्षांचे सहायक म्हणजे जेरी सँडस्की. सुरुवातीच्या प्रसंगातले कोच ते हेच. त्यांनी १९७७ मध्ये ‘द सेकंड माइल’ ही मुलांसाठीची संस्था काढली होती आणि त्यांना भेटलेली बरीचशी मुलं याच संस्थेतून आलेली होती. वडील नसलेली, अडचणीतल्या घरांतली मुलं. सामन्याची तिकिटं, खेळाडूंबरोबर फोटो, बूट, जर्सी... अशा मुलाला याहून मोठं काय हवं असतं?

पोलीस कुणाचे?

१९९८ मध्ये त्या आईने ज्या पोलिसांना फोन केला ते विद्यापीठाचेच पोलीस होते. आपल्याला हे नवल वाटेल, पण अमेरिकेत मोठ्या विद्यापीठांचं स्वतःचं पोलीस खातं असतं. आपल्या कॉलेजच्या गेटवरचे सुरक्षारक्षक डोळ्यांसमोर आणू नका. यांना अटकेचे अधिकार असतात, कमरेला पिस्तूल असतं.

या पोलिसांनी तपास केला नाही, असं म्हणता येणार नाही. तपास करणारा अधिकारी काम जाणणारा होता. त्याने आईला सँडस्कींशी तिच्या घरीच बोलायला लावलं आणि शेजारच्या खोलीत लपून ते बोलणं ऐकलं, तेही दोनदा. सँडस्कींनी आपलं चुकल्याचं कबूल केलं, क्षमा मिळाली तर बरं, असंही म्हणाले. मुलाच्या समुपदेशकाने धोक्याचा स्पष्ट इशारा दिला. नंतर दुसऱ्या एका सल्लागाराने मात्र काळजीचं कारण नसल्याचं मत दिलं. जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी खटला भरायचा नाही असं ठरवलं आणि महिन्याच्या आत प्रकरण बंद झालं.

पण मला खटकते ती वेगळीच गोष्ट. विद्यापीठाचे पोलीसप्रमुख या तपासाची खबर वेळोवेळी विद्यापीठाचे उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांना देत होते. शुल्ट्झ यांच्याकडे अर्थखातं होतं, आणि पोलीस खातंही त्यांच्याच अखत्यारीत होतं. म्हणजे विद्यापीठाच्या तिजोरीचे आणि गुन्ह्याच्या तपासाचे कागद एकाच टेबलावर. तक्रार गुन्ह्यांच्या रोजच्या नोंदवहीत चढलीच नाही. एकट्या अधिकाऱ्याने कितीही मनापासून काम केलं, तरी त्याच्या साहेबाचा साहेब हा ज्या संस्थेची अब्रू पणाला लागली आहे तिचाच माणूस असेल, तर ती फाइल कुठल्या कपाटात जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत हेच पुन्हा, आणखी उघडपणे घडलं. माइक मॅक्वेरी हा २६ वर्षांचा सहायक एका रात्री खेळाडूंच्या खोलीत गेला आणि सँडस्कींना एका लहान मुलाबरोबर शॉवरखाली पाहून हादरला. त्या रात्री त्याने वडिलांना सांगितलं. सकाळी पॅटर्नोंच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. पॅटर्नोंनी क्रीडा संचालक टिम कर्ली यांना सांगितलं. पुढे कर्ली आणि शुल्ट्झ मॅक्वेरीला भेटले. शुल्ट्झना सांगितलं म्हणजे पोलिसांनाच सांगितलं, असं मॅक्वेरीला वाटलं होतं. न्यायालयातही त्याने तेच सांगितलं. त्याचा हा समज मला अगदी खरा वाटतो. पोलीस खातं ज्याच्या हाताखाली आहे त्याला सांगितल्यावर आणखी कुणाला सांगायचं, असं कुणालाही वाटेल.

साहेब लोकांनी आधी सरकारच्या बालकल्याण खात्याला कळवायचं ठरवलं, मग बेत बदलला. सँडस्कींना फक्त समज दिली गेली की इथे मुलांना आणू नका. त्यांच्या संस्थेला कळवण्यात आलं. अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांनी त्याला होकार दिला. तो मुलगा कोण, कुठला, बरा आहे का, हे शोधायला कुणीही गेलं नाही.

बातमी कुणी आणली?

ही साखळी शेवटी तुटली ती गावाबाहेर. २००८ मध्ये शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मुलाने तोंड उघडलं, त्याची आई शाळेत गेली, शाळेने सुरुवातीला फारसा विश्वास दाखवला नाही, तरी ती हटली नाही. प्रकरण राज्याच्या तपासयंत्रणेकडे गेलं आणि साक्षीपुरावे गुप्तपणे ज्यूरीसमोर सुरू झाले.

हे चालू असताना सॅरा गॅनिम नावाची एक तरुण पत्रकार गुन्हे आणि न्यायालयाच्या बातम्या देत होती, आधी स्टेट कॉलेजच्या स्थानिक दैनिकात आणि मग हॅरिसबर्गच्या ‘द पॅट्रियट-न्यूज’मध्ये. तिच्या कानावर कुजबुज आली होती. फुटबॉलच्या बातम्या लिहिणारे पत्रकार वर्षानुवर्षं त्याच इमारतींत वावरत होते, पण त्यांचं पोट पॅटर्नोंच्या पत्रकार परिषदांवर चालत होतं. गॅनिमला सामन्याच्या प्रेस बॉक्समधल्या खुर्चीची फिकीर नव्हती. तिने महिनोन् महिने दारं ठोठावली. मार्च २०११ च्या शेवटी, ती २३ वर्षांची असताना, सँडस्कींची चौकशी चालू असल्याची बातमी तिने दिली.

आणि काय झालं? जवळजवळ काहीच नाही. मोठ्या वाहिन्यांनी लक्ष दिलं नाही. गावातल्या अनेकांनी उलट वर्तमानपत्रालाच नावं ठेवली. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी पॅटर्नोंनी ४०९ वा विजय मिळवला, जल्लोष झाला. त्यानंतर बरोबर आठवड्याने, ५ नोव्हेंबरला, सँडस्कींना अटक झाली.

९ नोव्हेंबरच्या रात्री विद्यापीठाच्या विश्वस्तांनी स्पॅनियर आणि पॅटर्नो या दोघांनाही दूर केलं. हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांनी एका वाहिनीची गाडी उलटवली. मुलांसाठी नाही, तर कोचला काढलं म्हणून! बातमी आणणाऱ्यांवर राग निघाला. आपल्याकडेही एखाद्या बाबाला, नेत्याला, नटाला पकडलं की कॅमेऱ्यांवर दगड येतात, तेव्हा हसायला आपल्याला जागा नाही. पण दोनच रात्रींनी त्याच विद्यापीठातले हजारो विद्यार्थी पीडित मुलांसाठी मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, हेही सांगायला हवं. आणि पुढच्या सामन्याआधी दोन्ही संघांच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून प्रार्थना केली.

बातमीच्या घाईचा एक नमुनाही याच गावाने दिला. जानेवारी २०१२ मध्ये पॅटर्नो कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या एका बातमीस्थळाने ते गेल्याचं जाहीर केलं, मोठ्या माध्यमांनी खातरजमा न करता ते उचललं. ते जिवंत होते. दुसऱ्या दिवशी गेले. गॅनिमची महिनोन् महिन्यांची चिकाटी आणि ही काही मिनिटांची घाई, दोन्ही एकाच गावच्या बातमीदारीतल्या.

सँडस्कींवरचे ४८ पैकी ४५ आरोप जून २०१२ मध्ये सिद्ध झाले. त्यांना किमान ३० आणि जास्तीत जास्त ६० वर्षांची शिक्षा झाली. कर्ली, शुल्ट्झ आणि स्पॅनियर हे तिघंही मुलांना धोक्यात घातल्याबद्दल पुढे दोषी ठरले आणि थोड्या काळासाठी का होईना, तुरुंगात गेले. विद्यापीठाने पीडितांना भरपाईपोटी १० कोटी डॉलरहून जास्त दिले.

कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने ६ कोटी डॉलरचा दंड केला, आणि १९९८ पासूनचे सगळे विजय पुसून टाकले. दंड पटतो, तो पैसा बालकांवरचे अत्याचार रोखायलाच वापरायचा होता. विजय पुसणं मात्र मला पोरकट वाटलं. शिक्षा भोगणारे २०१२ चे खेळाडू १९९८ मध्ये फार तर प्राथमिक शाळेत होते. शिवाय त्यामुळे गावाला वाद घालायला सोपा विषय मिळाला. विजय ४०९ की २९८? मुलं बाजूला राहिली, आकड्यावर माणसं भांडली. २०१५ मध्ये ते विजय परतही दिले गेले.

पॅटर्नोंवर कधीच आरोपपत्र दाखल झालं नाही. कारण तेव्हाच्या पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्यात संस्थेतल्या कर्मचाऱ्याने वरिष्ठांना सांगितलं की त्याचं कर्तव्य संपत असे. आपण आणखी काही करायला हवं होतं, असं ते स्वतःच शेवटी म्हणाले. पुढे कायदा बदलला, आता ज्याला संशय येईल त्याने स्वतः थेट यंत्रणेला कळवायचं.

आपल्याकडे पोक्सो कायदा लागू झाला तो १४ नोव्हेंबर २०१२ ला. त्याच्या कलम १९ मध्ये हे आधीपासूनच आहे. मुलावर असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलेल्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. मुख्याध्यापकांना सांगितलं, ट्रस्टींच्या कानावर घातलं, यावर भागत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल मात्र कुणावर कारवाई होत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहेच.

तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते तक्रार नोंदवायला झालेल्या उशिरामुळे. शाळेने पोलिसांना का कळवलं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाला विचारावं लागलं. मी माझ्या मुलीच्या क्लासच्या पालकसभेत एकदा विचारलं होतं, असं काही झालं तर तुम्ही पोलिसांकडे जाणार ना? समोरून उत्तर आलं, “आधी आमची अंतर्गत समिती बघेल.” मी कलम १९ म्हटलं, तेव्हा सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

गॅनिम आणि ‘द पॅट्रियट-न्यूज’ला एप्रिल २०१२ मध्ये स्थानिक बातमीदारीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या वर्तमानपत्राने जाहीर केलं की छापील अंक यापुढे रोज निघणार नाही, आठवड्यातून फक्त तीन दिवस निघेल.