रोमन संख्या आणि अखेरचे शून्य

रोमन अंकलेखनात शून्याला चिन्ह नाही. परंतु सी ह्या संगणकभाषेत रोमन संख्या लिहावयाची, तर शून्यावाचून गत्यंतर नाही. डेनिस रिची ह्यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या ह्या भाषेत अक्षरमालेची लांबी तिच्यासोबत नोंदलेली नसते. स्मृतीतील एकेका घरात एकेक अक्षर बसते. शून्य मूल्याचे घर आले, की माला संपली असे मानले जाते.

दिलेल्या संख्येतून १०००, ९००, ५००, ४०० अशी मूल्ये क्रमाने वजा करावयाची व प्रत्येकाचे चिन्ह मालेस जोडावयाचे, ही रीत सोपी आहे. दोष जोडणीत शिरतो. जोडणारी आज्ञा प्रथम जुन्या मालेचे शून्य शोधते. म्हणून आरंभीच पहिल्या घरात शून्य न घातल्यास नवी चिन्हे पूर्वीच्या अवशेषांमागे जाऊन बसतात.

दुसरा दोष अधिक फसवा होय. ४००० च्या आतील संख्यांत ३८८८ चे रूप सर्वांत लांब, म्हणजे १५ अक्षरांचे असते. घरेही १५ च राखली, तर अन्य सर्व संख्या बिनचूक उमटतात. ३८८८ चे अंतिम शून्य मात्र शेजारच्या घरात पडून तेथील मूल्य पुसते. घरे १६ हवीत. म्हणूनच परीक्षा नेहमी टोकाच्या संख्येने घ्यावी.