तणनाशकाने पान करपले, बियाणेही बिघडले का? पोरफायरिन आणि डीएनएचे नाते

सोयाबीनमध्ये फोमेसाफेन किंवा ॲसिफ्लुओरफेन हा घटक असलेले मिश्र तणनाशक फवारले की दोन-तीन दिवसांत पिकाच्या पानांवरही तांबूस-तपकिरी ठिपके दिसतात, काही पाने आकसतात. पुढे नवीन पाने स्वच्छ येतात आणि पीक सावरते. पण घरचे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात शंका उरते: औषधाने पान जाळले, तसा बियाण्यातला डीएनएही बिघडवला असेल का? शंका अगदीच निराधार नाही. पान जाळणारा पदार्थ पोरफायरिन कुळातला आहे आणि या कुळातले काही रेणू खरोखरच डीएनएला चिकटतात.

पान नेमके कशाने जळते?

पोरफायरिन म्हणजे एक सपाट कडे. त्याच्या आतल्या बाजूला चार नायट्रोजन अणू असतात. मध्यभागी मॅग्नेशियम बसले आणि पुढे काही बदल झाले की हरितद्रव्य तयार होते. लोह बसले की हीम. सोयाबीनच्या मुळावरची चांगली गाठ कापली तर आत जो लालसर रंग दिसतो, तो या हीममुळेच. म्हणजे पोरफायरिन बाहेरून आलेले विष नाही, झाड ते रोज स्वतःच बनवते.

हे कडे तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यांपैकी एका टप्प्यावर पीपीओ नावाचे विकर काम करते. वरील तणनाशके, तसेच कांद्यात वापरले जाणारे ऑक्सिफ्लोरफेन, हेच विकर अडवतात. मग अर्धवट तयार झालेला माल हरितलवकातून बाहेर गळतो आणि तिथे त्याचे प्रोटोपोरफायरिन होते. आत असते तर त्याचे हरितद्रव्य झाले असते. बाहेर त्याला वापरणारे कोणी नसते. त्यावर ऊन पडले की ते ऊर्जा शोषते आणि ऑक्सिजनला फार आक्रमक रूप देते. हा ऑक्सिजन पेशीपटलातील स्निग्ध पदार्थ फोडतो, पेशीतील पाणी झिरपते आणि पान करपते. औषध नुसता रस्ता अडवते. जाळण्याचे काम झाडाचाच रेणू उन्हाच्या मदतीने करतो. सोयाबीन औषधाचे विघटन लवकर करते म्हणून वाचते. तणाला ते तेवढ्या वेगाने जमत नाही.

डीएनएला चिकटणारे पोरफायरिन वेगळे

डीएनए ही पीळ दिलेली शिडी समजा. तिच्या दोन्ही बाजूंच्या दोरांवर ऋण विद्युतभार असतो आणि दोन पायऱ्यांमधले अंतर सुमारे ०.३४ नॅनोमीटर असते. प्रयोगशाळेत टीएमपीवायपी४ नावाचे एक पोरफायरिन बनवले जाते. त्याच्या चार हातांवर चार धन भार असतात, त्यामुळे ते शिडीकडे ओढले जाते. भाकऱ्यांच्या चवडीत मधेच एक भाकरी सरकवावी, तसे ते दोन पायऱ्यांच्या फटीत शिरते. तिथले अंतर जवळपास दुप्पट होते आणि शिडीचा पीळ थोडा सुटतो. या प्रकारच्या बंधाचा पुरावा १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. द्रावणात डीएनए मिसळला की या रेणूचा प्रकाश शोषण्याचा पट्टा लांब तरंगांकडे सरकतो, त्यावरून तो आत शिरल्याचे कळते.

सगळेच मात्र आत शिरत नाहीत. मध्यभागी तांबे किंवा निकेल असेल तर कडे सपाट राहते आणि मुख्यतः जी-सी जोड्यांच्या पायऱ्यांमध्ये घुसते. जस्त असेल तर त्याला वरून पाण्याचा रेणू चिकटलेला असतो. पाठीवर गाठोडे घेऊन अरुंद फटीतून जाता येत नाही, तसे हे पोरफायरिन बाहेरच, बहुधा ए-टी जोड्यांच्या भागातील खाचेत बसते.

आता आपल्या पानातले प्रोटोपोरफायरिन पाहा. त्याच्याकडे धन भाराचे हात नाहीत. उलट दोन आम्लगट आहेत, ज्यांच्यावर पेशीत ऋण भार येतो. ऋण भाराची शिडी त्याला दूरच ढकलते. शिवाय त्याचा ओढा तेलाकडे, म्हणून ते पटलात जाऊन बसते. त्याने तयार केलेला आक्रमक ऑक्सिजन पेशीच्या रुंदीइतकाही प्रवास करत नाही, त्याआधीच संपतो. म्हणून घाव पटलावर बसतो. कुठे चुकून डीएनएला झळ लागलीच तरी करपलेली पेशी मरते, तिच्यापासून बी होत नाही. फवारणी वेळेवर, म्हणजे तण दोन ते चार पानांवर असताना झाली असेल, तर त्या वेळी पिकाला फुलेही आलेली नसतात.

इथे एक गल्लत नेहमी होते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००१ मध्ये माठाच्या कुळातील एका तणात या गटाच्या औषधांना प्रतिकार असल्याची नोंद झाली. पुढे कारण सापडले: पीपीओ विकराच्या जनुकात डीएनएची तीन अक्षरे गळालेली होती. म्हणजे औषधाने डीएनए बदलला का? नाही. असा बदल आपोआप कधीतरी एखाद्या रोपात होतो. फवारणीने बाकीची रोपे मारली आणि तेवढे रोप बी टाकायला उरले. आपल्याकडेही दरवर्षी याच गटाचे औषध मारून वाचलेले तण शेतात बी धरू दिले, तर तीच वाट आहे. अशी रोपे फुलण्याआधी हाताने उपटावीत.

मग बियाणे ठेवावे का?

पानावरचे डाग हे बियाणे नाकारण्याचे कारण नाही. मात्र मात्रा वाढवून किंवा फुलोऱ्यात फवारले असेल तर फुले आणि कोवळ्या शेंगाही करपू शकतात. अशा प्लॉटचे बियाणे आम्ही तरी ठेवणार नाही. औषध डीएनएला चिकटत नाही म्हणून ते अंगाला निरुपद्रवी, असाही अर्थ काढू नये. हातमोजे आणि मास्क हवेतच.

सोयाबीनची उगवण खरी बिघडते ती काढणीच्या पावसात, मळणीत आणि साठवणीत. मळणी यंत्राचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका आणि पोत्यांची उंच थप्पी लावू नका. पेरणीआधी १०० दाणे ओल्या कागदावर दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करा व चार दिवसांनी उघडा. ७० किंवा जास्त दाणे उगवले तर हेक्टरी ७५ किलो पुरेसे होते. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा, आणि ६० च्या खाली गेले तर ते बियाणे पेरू नका.