छोट्या घरातली पहिली करवत

मळवली स्टेशनवर उतरून आपण कार्ल्याची लेणी बघायला जातो, स्तूपाला वंदन करतो आणि परततो. पुढच्या वेळी मान वर करून चैत्यगृहाचे छत जरूर बघा. दगडी छताखाली सागवानी लाकडाच्या कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. बाहेर दाराजवळच्या ब्राह्मी लेखात, हे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, असे त्याच्या बापाच्या नावासकट कोरले आहे. राजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पंक्तीत एका सुताराचे नाव!

ते ऐकून आमच्या धाकट्याने लाकूड कोरण्याचा ध्यास घेतला. आमचे बिऱ्हाड लोणावळ्यात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. हौसेने आम्ही २२ इंची मोठी करवत आणली आणि तिथेच चुकलो. हात मागे घेतला की कोपर कपाटावर आपटे. खाटेच्या कडेवर धरलेली फळी थरथरे, करवत रेघ सोडून जाई. आठ दिवसांत पोराने "मला हे जमणार नाही" म्हणून ती कोपऱ्यात ठेवली. चूक हत्याराच्या निवडीत होती. पोर मात्र स्वतःला दोष देऊ लागले. म्हणून हे लिहीत आहोत.

कोरीवकाम शिकणाऱ्याला फळ्या चिरायच्या नसतात. आकाराबाहेरचे लाकूड काढून टाकायचे असते. त्यासाठी कोपिंग सॉ घ्यावी. धनुष्यासारखी चौकट, त्यात सुमारे साडेसहा इंचांचे बारीक पाते. पाते वळवता येते, म्हणून गोलाई कापता येते. मोडले तर फक्त पाते बदलायचे. दाते मुठीकडे वळलेले ठेवावेत, म्हणजे ओढताना कापते आणि पातळ पाते वाकत नाही. इंचभर जाडीच्या मऊ लाकडाला ती पुरते. सुरुवातीला शिवण किंवा पांगारा बरा. सावंतवाडीची पारंपरिक खेळणी पांगाऱ्याची. मोठे तुकडे वखारीतूनच कापून आणावेत.

पुढे सरळ काप लागले तर पाठीवर पट्टी असलेली छोटी टेनॉन सॉ घ्यावी. ती दहा इंची, इंचाला बारा-चौदा दाते असलेली बघावी. दाते जितके बारीक, तितका काप स्वच्छ, पण वेळ जास्त. विजेची करवत मात्र छोट्या घरात नको. आवाजही फार आणि धूळही फार.

करवतीइतकाच शिकंजा महत्त्वाचा. लाकूड टेबलाला घट्ट आवळा, हाताने धरून कापू नका. तोंडाला मास्क बांधा, खाली जुनी चादर अंथरा, भुसा ओल्या फडक्याने पुसा. लाकडाची धूळ छातीला वाईट. रात्री काम नको, शेजाऱ्यांचाही विचार हवा. आपल्याकडचा पावसाळा पात्याला गंज चढवतो, म्हणून काम झाल्यावर तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळा. लहान मुलांपासून दूर ठेवा. ओले लाकूड पाते आवळून धरते. ते आधी सावलीत वाळू द्या.

आमच्या पोराने दुसऱ्यांदा सुरुवात केली. पहिले पिंपळपान वाकडेच झाले. पण मागच्या बाजूला त्याने स्वतःचे नाव कोरले आणि खाली आईबापाचेही.