स्टेल्व्हिओ खिंड

उत्तर इटलीतील आल्प्स पर्वतामधील एक खिंड व तीतून जाणारा घाटमार्ग. उंची सु. २,७५७ मी. लाँबर्डी प्रांताशी दळणवळण राखण्यासाठी ऑस्ट्रियन साम्राज्याने हा मार्ग १८२०–२५ मध्ये कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून बांधविला. घोडागाड्यांना चढ झेपावा म्हणून ईशान्य उतारावर ४८ तीव्र वळणे काढावी लागली. आखणी बव्हंशी तीच राहिली आहे. मोटारचालकाची कसोटी या अरुंद वळणांवर लागते, तर सायकलस्वाराची प्राट गावापासूनच्या सु. २४ किमी. चढावर. १९५३ च्या ‘जीरो द इतालिया’ शर्यतीत फाउस्तो कोप्पी याने याच चढावर ह्यूगो कोब्लेट यास मागे टाकले व पुढे अजिंक्यपदही मिळविले. ऑर्टलर शिखराचे हिमाच्छादित कडे वाटेत दिसतात. मात्र ते न्याहाळण्याची उसंत चालकास क्वचितच लाभते. हिवाळ्यात हिमपातामुळे मार्ग बंद असतो.