कीटकांच्या आनुवंशिक खुणा व त्यांचा उपयोग

जनावरांच्या अंगावर डाग देऊन ती कोणत्या गावची हे ओळखता येते. परंतु शेतात दिसलेला पतंग तेथेच उपजला की दूरवरून आला, हे कसे ओळखावे? त्याच्या पेशींतच निसर्गाने काही खुणा लिहून ठेविलेल्या असतात. त्या शोधण्याची रीत एका पहाडी फुलपाखराच्या उदाहरणाने पाहू.

कॅनडातील आल्बर्टा प्रांतात रॉकी पर्वताच्या माथ्यावरील कुरणांत पार्नासियस स्मिन्थियस हे पांढरे फुलपाखरू आढळते. त्याची अळी सेडम या रसाळ वनस्पतीवर वाढते. तेथे जंगल वर सरकत असल्याने कुरणे आक्रसत आहेत. अशा स्थितीत निरनिराळ्या कुरणांतील फुलपाखरांचा परस्परसंबंध टिकतो काय, हा प्रश्न होता.

पेशीतील डीएनए या द्रव्यात काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा लहान क्रम पुन्हा पुन्हा येतो. ही आवर्तने प्रत्येक प्राण्यात कमी-अधिक असतात. या जागांस मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. प्रथम अशा जागा हुडकतात. मग प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंचा मजकूर वाचून, तेवढाच भाग पकडणारे तुकडे तयार करतात. त्या भागाच्या असंख्य प्रती काढून लांबी मोजली की खूण हाती येते. पंखाचा लहानसा तुकडा त्यास पुरतो. फुलपाखरे व पतंग यांत हे काम विशेष कठीण असते; कारण निरनिराळ्या जागांच्या बाजूचा मजकूर पुष्कळदा सारखाच असतो व खुणांची गल्लत होते.

तरीही चार उपयुक्त खुणा मिळाल्या. त्यांच्या आधारे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, उघड्या कुरणापेक्षा मधले जंगल या फुलपाखरांची सरमिसळ अधिक रोखते. अर्थात जंगल वाढल्यास त्यांचे समूह एकाकी पडून दुबळे होण्याचे भय आहे.

याचा आपणांस बोध काय? हरभरा, तूर व कपाशीवरील घाटे अळीच्याही अशा खुणा शास्त्रज्ञांनी तयार केल्या आहेत. तिचा पतंग दूरवर उडतो. शेताचा बांध त्यास अडवू शकत नाही. म्हणून एकट्याने केलेला बंदोबस्त अपुरा पडतो. ग्रामसेवकांनी गावकऱ्यांस एकत्र आणून हेक्टरी 5 कामगंध सापळे, पक्षिथांबे व उन्हाळी खोल नांगरट ही कामे सबंध शिवारात एकाच वेळी करवून घ्यावीत. शेजाऱ्याच्या शेतातील कीड ही आपलीच कीड होय.